आवरून ठेवलेला तंबू



भाद्रपद सरत आला की आमच्या घरी दरवर्षी एक ठरलेला संवाद होतो. "अहो, पोटमाळ्यावरची ती तुमची छावणी खाली केव्हा काढायची?" असे सौ. विचारते आणि "खंडेनवमीला" असे मी उत्तर देतो. छावणी म्हणजे दोन पत्र्याच्या ट्रंका, एक सुती पोते, ताडपत्रीची एक वळकटी आणि खोळीत घातलेली चार पांघरुणे. एवढ्या सामानावर आम्ही गेली वीस-बावीस वर्षे मोटारीने हिंडत आलो आहोत. कधी जांबुघोड्याच्या जंगलाकडे, कधी सापुताऱ्याला, कधी कच्छच्या रणाकडे, आणि एखाद्या वर्षी कुलदैवताच्या दर्शनाला थेट जेजुरीपर्यंत.

अलीकडे आपल्या मंडळींत मोटार काढावी, तंबू बरोबर घ्यावा आणि दोन दिवस मोकळ्या आकाशाखाली राहून यावे, ही हौस वाढली आहे. हौस चांगलीच आहे. तंबू कोणता घ्यावा, कोठे जावे, हे तरुण मंडळी मला उत्साहाने विचारतात. परत आल्यावर तो कसा ठेवावा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या महिन्यात त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे मनात आहे. मला ही गोष्ट फार महाग पडून शिकावी लागली, आणि आपल्याला ती स्वस्तात शिकता यावी एवढाच हेतू.

खरे म्हणजे हा विषय आपणा बडोदेकर मराठी माणसांना परका वाटू नये. गायकवाडांचे घराणे गुजरातेत आले ते घोड्यावरून, आणि आरंभी राहिले ते राहुट्यांतून. पिलाजीरावांचे पहिले ठाणे सोनगडला होते. बडोदे कायमचे हाती आले ते १७३४ मध्ये. त्यानंतरही कित्येक वर्षे पावसाळा सरला की फौज काठेवाडात मुलूखगिरीला निघे. १८०७ साली कर्नल वॉकरने तेथील संस्थानिकांच्या खंडणीचा कायमचा ठराव केला आणि ही स्वारी बंद झाली. आपले पूर्वज कारकून असोत, शिलेदार असोत की भिक्षुक असोत, त्यांच्यापैकी अनेकांनी वर्षातले काही महिने कापडाच्या छपराखाली काढले असणार. 'छावणी' हा शब्द आज आपण कोणत्याही लष्करी वस्तीला लावतो. मराठी फौजेच्या भाषेत छावणी म्हणजे मुख्यतः पावसाळ्याचा मुक्काम. मोहिमेचे दिवस वेगळे आणि आवरून बसण्याचे दिवस वेगळे, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

त्या सामानाची व्यवस्था पाहणारे एक स्वतंत्र खातेच असे. फरास म्हणजे तंबू उभारणारा, बिछायत घालणारा नोकर. आणि ते सगळे सामान जेथे राहते तो फरासखाना. पुण्यात पेशव्यांच्या त्या कोठाराचे नाव एका पोलीस चौकीच्या रूपाने अजून टिकून आहे. मोगलांकडेही हेच. अबुल फजलाने 'आईने अकबरी'त फरासखान्याला स्वतंत्र जागा दिली आहे. औरंगजेबाबरोबर काश्मीरच्या वाटेने गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो की, बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. आपल्यापाशी दुसरा संच नाही आणि फरासही नाही. म्हणून फरासाचे काम आपणच शिकले पाहिजे.

मी ते कसे शिकलो, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा साधा शिक्षक होतो आणि शाळेच्या हिवाळी शिबिराची जबाबदारी माझ्याकडे होती. शाळेचे चार खाकी सुती तंबू होते. एका वर्षी शिबिराच्या शेवटच्या सकाळी दव इतके पडले होते की तंबूंचे कापड पिळले असते तर पाणी निघाले असते. बस येऊन उभी होती. आमच्याकडे फौजेतून निवृत्त होऊन आलेले एक शिपाई होते. सगळे त्यांना हवालदारकाका म्हणत. ते मला म्हणाले, "साहेब, ओला तंबू बांधायचा नसतो. दोन तास ऊन द्या, नाहीतर शाळेत गेल्यावर तरी मैदानात पसरू द्या." मी म्हणालो, "परीक्षा तोंडावर आली आहे, काका. बांधा तसेच." त्यांनी बांधले. शाळेत पोचल्यावर ते तंबू प्रयोगशाळेमागच्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि अकरा महिने तेथेच पडून राहिले. मैदानात पसरण्याचे माझ्या लक्षातच राहिले नाही.

पुढच्या पौषात आम्ही पावागडच्या पायथ्याशी उतरलो. तंबू उलगडले तेव्हा कुबट वास आला आणि घड्यांच्या रेषेवर काळे ठिपके दिसले. वारा लागला की जाईल, असे म्हणून मी ते उभे करविले. रात्री मावठे आले. पावसापेक्षा वारा अधिक होता. कापड जेथे घडी होती तेथे, भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा निघावा तसे, सरळ रेषेत फाटत गेले. मुले भिजली, पण ती काही मोठी आपत्ती नव्हे. सातवीतल्या एका मुलाला दमा होता. त्याला धाप लागली.

त्याच्या आईने निघताना औषध माझ्या हाती दिले होते. ते मी नीट औषधांच्या पेटीत ठेवले होते. पेटी जीपमध्ये होती; आणि जीपमध्ये ती सर्वांत आधी चढविल्यामुळे सर्वांत तळाशी होती. तिच्यावर तांदळाची पोती, त्यावर पातेली, त्यावर सतरंज्या. विजेरी काढली तर तिच्यातले सेल गेल्या वर्षापासून तसेच राहून फुटले होते आणि आतला पत्रा हिरवा पडला होता. आगपेटीच्या काड्या ओढीत, पावसात, मी आणि आणखी एक शिक्षक सामान उपसत होतो. मुलगा हवालदारकाकांच्या छातीला टेकून बसला होता. त्याने दोनदा विचारले, "सर, सापडली का?" पेटी सापडायला अर्धा तास लागला असेल. औषध पोटात गेल्यावर हळूहळू श्वास खाली बसला. उरलेली रात्र आम्ही एका धर्मशाळेच्या ओसरीवर काढली.

बडोद्यास परतल्यावर डॉक्टर म्हणाले की गारठा, ओले कपडे आणि बुरशीचा वास यांतले काहीही एक दमेकऱ्याला पुरे असते. त्याला तर तिन्ही एकदम मिळाली. मुलाच्या आईला मी सारे खरे सांगितले. ती रागावली नाही. "सर, औषध मी तुमच्या हातात दिलं होतं ना?" एवढेच म्हणाली. त्यानंतर पुष्कळ दिवस मला शाळेच्या त्या खोलीकडे जावेसे वाटले नाही. मग एका रविवारी मी हवालदारकाकांना म्हणालो, "काका, मला तंबू घालायला आणि आवरायला शिकवा." पुढे जे लिहितो आहे त्यातले पुष्कळसे त्यांचे आहे. नव्या कापडांविषयीचे तेवढे मी मागाहून गोळा केले.

पहिली गोष्ट कापडाची. सुती कापडाचा धागा ओला झाला की फुगतो, विणीतली भोके बुजतात, आणि म्हणूनच ते पाणी थोपवते. नवा सुती तंबू एकदोनदा भिजवून वाळवून मगच प्रवासाला न्यावा तो याचसाठी. परंतु हाच धागा ओलसर राहिला तर बुरशीचे खाद्य होतो. काळा ठिपका दिसू लागला म्हणजे बुरशीने घर केले, आणि कापडाची ताकद गेली ती पुन्हा येत नाही. आज बाजारात मिळणारे तंबू बहुधा नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. ते कुजत नाहीत, म्हणून ते कसेही ठेवावेत असा समज आहे; तो खोटा आहे. त्या कापडाला आतून जलरोधक लेप दिलेला असतो. दमट आणि उष्ण जागी तो लेप हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि मग पापडासारखा सुटतो. शिवणींवरच्या पट्ट्याही निघतात. बडोद्याचा वैशाख आणि त्यामागून येणारा दमट आषाढ या लेपाला फार वाईट.

तेव्हा परत आल्यावर, थकवा असला तरी, तंबू त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गच्चीवर पसरावा. माती झटकावी, डाग साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने, स्पंजाने पुसावेत. कपडे धुण्याच्या यंत्रात घालू नये. वाळवायचा तो सावलीत आणि वाऱ्यावर. कडक ऊन नायलॉनला दुबळे करते. हाताला कोरडा लागल्यावरही आणखी एक दिवस दोरीवर राहू द्यावा, कारण शिवणी आणि कोपरे शेवटी वाळतात. कच्छच्या रणातून आला असाल तर सारे पाण्याने खंगाळून घ्या. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, आणि झिप व कांब्या गंजवते.

दुसरी गोष्ट, ठेवण्याची. दुकानातून जी तंग पिशवी मिळते ती प्रवासापुरती. घरी तंबू मोठ्या सुती पोत्यात सैलसर ठेवावा, आणि दरवेळी घडी वेगळ्या जागी पडू द्यावी. एकाच रेषेवर लेप तडकतो. कापूस किंवा पिसे भरलेली पांघरुणे आणि झोपायच्या पिशव्याही दाबून ठेवू नयेत. दाबून दाबून त्यांचा फुगवटा जातो, आणि ऊब त्या फुगवट्यातल्या हवेत असते. त्यांना जुन्या चादरीची खोळ शिवावी. डांबराच्या गोळ्या मी घालीत नाही. तो वास बंद तंबूत रात्रभर नाकात जातो. वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवतो. उंदरांसाठी पत्र्याची ट्रंक चांगली, मात्र तिच्यात एकही खाद्यपदार्थ, अगदी लिलो चिवड्याचा कणही, राहू देऊ नये. आणि पोटमाळा थेट पत्र्याच्या छपराखाली नसावा. आमच्या वर आणखी एक मजला आहे, म्हणून आमचा पोटमाळा उन्हाळ्यातही त्या मानाने थंड राहतो.

विजेरीतले सेल काढून वेगळ्या डबीत ठेवावेत. मेखा मोजाव्यात, वाकड्या सरळ कराव्यात, तणावे सोडवून गुंडाळावेत. स्टोव्ह रॉकेलचा असेल तर रिकामा करून, लहान गॅसचा असेल तर सिलिंडर सोडवून ठेवावा. गळती पाहायची ती साबणाच्या फेसाने. काडी ओढून कधीही पाहू नये. बंद मोटारीत, उन्हात, सिलिंडर ठेवून जाऊ नये.

तिसरी गोष्ट सामान चढविण्याची. येथे मला नेहमी पानिपत आठवते. १७२८ साली पालखेडला थोरल्या बाजीरावांनी निजामाला कोंडीत धरले, ते मुख्यत्वे हलक्या सामानाच्या वेगवान घोडदळाच्या बळावर. तेहतीस वर्षांनी उत्तरेत गेलेल्या फौजेबरोबर बाजारबुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा एवढा मोठा लोंढा होता की, त्यांना पोसणे आणि सांभाळणे हेच एक संकट झाले. आपले दमाजीराव गायकवाड त्या लढाईत होते आणि तेथून जिवंत परतले. प्रत्येक मोटारीतही बाजारबुणगे शिरतात. तिसरी चादर, लोणच्याची चौथी बरणी, 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेली घडीची खुर्ची. परत आल्यावर जी वस्तू एकदाही बाहेर निघाली नाही, तिच्यासमोर यादीत फुली मारावी. दोन सहलींत दोन फुल्या मिळाल्या की ती वस्तू घरी राहते. औषधे, दोर आणि सुटे चाक यांना हा नियम लागू नाही.

चढविताना जड ते तळाशी आणि मागच्या आसनाला टेकून. हलके ते वर. पाण्याचा वीस लिटरचा डबा म्हणजे वीस किलो वजन, हे विसरू नये. जड सामान टपावर घेतले की मोटारीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती झोके खाते. टपावर फक्त पथाऱ्यांसारखे हलके सामान, तेही दोराने आवळून. मागची काच झाकली जाऊ नये. सुटे पातेले मागच्या फळीवर ठेवू नये. एकदम ब्रेक लागला तर ते मोटारीच्याच वेगाने पुढे येते. चाकांतली हवा भरल्या मोटारीसाठी किती हवी हे बहुधा दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. निघण्यापूर्वी तेवढी भरून घ्यावी.

आणि ज्या क्रमाने लागणार, त्याच्या उलट क्रमाने चढवावे. मुक्कामी पोचल्यावर पहिल्यांदा तंबू लागतो, म्हणून तो सर्वांत शेवटी चढतो. स्वयंपाकाचे त्याच्या खाली. विजेरी, पाणी आणि औषधांची पेटी डिकीत ठेवायचीच नाही. ती पुढे, हाताशी. ज्याचे नेहमीचे औषध आहे, ते त्याच्याच गळ्यातल्या पिशवीत असावे आणि दुसरा डोस पेटीत. हा नियम मी शाळेच्या प्रत्येक शिबिरात पाळतो, आणि मुलांना त्याचे कारणही सांगतो.

एक गोष्ट सामानाची नसली तरी येथेच सांगतो. थंडी कितीही असो, तंबूत शेगडी, कोळसे किंवा स्टोव्ह पेटता ठेवून झोपू नये. कोळशाच्या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीतच जातो. स्वयंपाक बाहेर करावा. अंगाला ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी पुरते.

एवढी आवराआवर कशासाठी, असे कोणी म्हणेल. वर्षातून दोन सहली, त्यांच्यासाठी एवढा फरासखाना! सौ.चेही पुष्कळ वर्षे हेच मत होते. मग ऑगस्ट २०२४ आला. विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी शहराच्या वस्त्यांत शिरले. सैन्य आणि आपत्ती दलाच्या नौका रस्त्यांतून फिरत होत्या, मगरी माणसांच्या अंगणापर्यंत आल्या होत्या. आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी चढले आणि दिवे गेले. त्या अंधारात मी पोटमाळ्यावर चढलो, पहिल्या ट्रंकेत हात घातला आणि विजेरी हाताला लागली. तिच्या शेजारच्या डबीत सेल, त्याखाली दोर, मग स्टोव्ह. काही शोधावे लागले नाही. त्या क्षणी मला पावागडची ती रात्र आठवली, आणि जीपच्या मागच्या फळीशी उभा असलेला मीही आठवलो.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर ताडपत्री ताणून तीन बिऱ्हाडे राहिली. एक आमचे, दोन शेजारच्या गुजराती कुटुंबांची. त्यांच्यापैकी एका घरी सहा महिन्यांचे मूल होते. त्याचे दूध आमच्या लहान स्टोव्हवर तापले. वीस लिटरच्या डब्यातले पिण्याचे पाणी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरवले. खिचडी शेजारच्या बांनी केली आणि मेतकूट आमचे होते. पाणी ओसरल्यावर सौ.ने स्वतः ती ताडपत्री धुऊन वाळत घातली आणि मला बजावले, "पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका हं."

तेव्हापासून मी आमच्या घरचे एक लहानसे पंचांग ठरविले आहे, तेच आपल्याला सुचवतो. खंडेनवमीला आपण शस्त्रांची, हत्यारांची, वाहनांची पूजा करतो. त्या दिवशी सकाळी छावणी खाली काढावी, तंबू गच्चीवर उभा करून पाहावा, मेखा मोजाव्यात, विजेरीत सेल घालून ती लावून पाहावी, औषधांवरच्या तारखा वाचाव्यात. आणि मग हळदकुंकू वाहावे. दसऱ्यापासून होळीपर्यंत हिंडावे. अक्षय्यतृतीयेच्या आत सगळे धुऊन, वाळवून, यादीशी ताडून वर ठेवावे. यादी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवावी, म्हणजे घरातल्या कोणालाही ती वाचता येईल. ट्रंक कोठे आहे आणि तिच्यात काय आहे, हे घरच्या मुलांना अंधारातही सांगता आले पाहिजे. आमच्या नातवंडांची मी ती परीक्षा घेतो, आणि ती मंडळी माझी घेतात.

हवालदारकाका आता नाहीत. शाळेच्या नव्या तंबूंच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, मी त्यांचेच एक वाक्य ठळक अक्षरांत लिहवून घेतले आहे : 'ओला तंबू बांधायचा नसतो.' शिबिराहून आल्यावर मुले ते वाचतात आणि न सांगता तंबू मैदानात नेऊन पसरतात.

असो. खंडेनवमी जवळ आली आहे. आपल्या पोटमाळ्यावर काय आहे, ते एकदा पाहून घ्या.